नापोलीतला पहिला दिवस आणि एक हस्तिदंती बाई

परदेशातलं एखादं जुनं शहर कमी पैशांत पाहायचं असेल तर पहिल्या दिवशी काय करावं, हा प्रश्न या मालिकेचे प्रेक्षक मला सतत विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिल्या दिवशी तिकीट काढायचं नाही, चालायचं. जुन्या शहराचा सगळ्यात जुना दस्तऐवज म्हणजे त्याचे रस्ते, आणि रस्ते बघायला पैसे पडत नाहीत. आज त्यासाठी मी इटलीतलं नापोली घेतलं आहे. इंग्रजीमुळे आपण त्याला नेपल्स म्हणतो. मूळ ग्रीक नाव नेआपोलिस, म्हणजे नवं नगर. हे नवं नगर सुमारे अडीच हजार वर्षांचं आहे. आपल्याकडच्या नव्या पेठाही अशाच नव्या राहतात म्हणा!

मी पोचले शनिवारी रात्री. तारीख मुद्दाम तशी साधली होती. इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात आणि नापोलीचं पुरातत्त्व संग्रहालय त्यातलंच एक आहे. गर्दी होते हे खरं, पण एकट्या माणसाचे पंधरा-वीस युरो वाचतात. युरोचे रुपये करून पाहिले की हा हिशेब करावाच लागतो. राहायला गारिबाल्दी चौकाजवळ सहा खाटांच्या खोलीतली एक खाट घेतली होती. चौक रेल्वे स्टेशनासमोरचा, म्हणजे कुठल्याही स्टेशनासमोर असतो तसा: गोंगाट, फेरीवाले, पिशवी पोटाशी धरून चालणारे प्रवासी. तिथे फार रेंगाळू नका.

सकाळी कॉफी उभ्याने प्यायची. बसलात की दर वेगळा लागतो. काउंटरपाशी उभं राहिलं तर सव्वा युरोच्या आसपास काम होतं, आणि नापोलीचे लोकही तशीच दोन घोटांत संपवून निघतात. इथे एक जुनी रीत आहे, ‘काफ्फे सोस्पेसो’. एक कॉफी प्यायची आणि दोनचे पैसे द्यायचे. दुसरी कॉफी, ज्याच्या खिशात पैसे नाहीत अशा कुणासाठी तरी ठेवलेली असते. शहराबद्दलचं माझं मत तिथेच निम्मं बनलं.

चौकातून पश्चिमेला थोडं चाललं की कास्तेल कापुआनो नावाचा जुना किल्ला लागतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश व्हाइसरॉयने शहरभरची न्यायालयं इथे आणून बसवली. म्हणून इथून निघणाऱ्या रस्त्याचं नाव व्हिया देई त्रिबुनाली, आपल्या भाषेत कोर्टाचा रस्ता. नाव पाचशे वर्षांचं, पण रस्ता त्याच्या दोन हजार वर्षं आधीचा. ग्रीकांनी शहर आखलं तेव्हा पूर्व-पश्चिम असे तीन मोठे रस्ते टाकले आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या अरुंद गल्ल्या. हा त्या तिघांतला मधला. खालचा रस्ता आज ‘स्पाक्कानापोली’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे नापोलीला चिरणारा. ग्रीक गेले, रोमन आले, मग बायझंटाइन, नॉर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, बूर्बों. घरं पडली, चार-पाच मजली नवी झाली, मंदिरांची चर्च झाली. गल्ल्या हलल्या नाहीत. राजा बदलला तरी माझ्या घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेली असते, ती कोण मागे घेणार? मला वाटतं, शहराची आखणी टिकते ती राजांमुळे नाही, शेजाऱ्यांमुळे.

पायाखालच्या काळ्या फरशा व्हिसुव्हियसच्या लाव्ह्याच्या. भिंतींमधला पिवळसर दगड टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट झालेला थर. हा दगड मऊ असतो, सहज कापता येतो. नापोलीकरांनी तो कुठून आणला? घराखालूनच. खाली खोदायचं आणि वर बांधायचं. त्यामुळे शहराखाली पोकळ्या तयार झाल्या, त्यांत पाण्याच्या टाक्या आणि नळ झाले, आणि शेकडो वर्षं लोक घरातल्या आडातून हेच पाणी ओढत राहिले. १८८४ साली कॉलऱ्याने शहराला झोडपलं, त्यानंतर सेरीनोहून नवं पाणी आलं आणि जुन्या टाक्या विसरल्या गेल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाँब पडू लागले तेव्हा त्याच टाक्यांमध्ये माणसं उतरली. हा भुयारांचा फेरफटका तिकिटाचा आहे, तो दुसऱ्या दिवशी करा.

वाटेत कॅथीड्रल लागतं. संत जेन्नारोच्या रक्ताची कुपी तिथे आहे. वर्षातून तीनदा, १९ सप्टेंबरला तर हमखास, ते रक्त पातळ होतं का हे पाहायला शहर जमतं. नाही झालं तर लोक धास्तावतात. रविवारी प्रार्थना चालू असते, तेव्हा फिरू नका, मागच्या बाकावर शांत बसा. खांदे झाकलेले असू द्या.

पुढे सान गाएतानो चौक. ग्रीकांचा बाजारचौक हाच, रोमनांचा फोरमही हाच. समोर सान पाओलो माज्जोरे हे चर्च आहे. त्याच्या दर्शनी भिंतीत दोन उंच नक्षीदार खांब उभे आहेत. ते चर्चचे नाहीत. इथे कास्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांचं रोमन मंदिर होतं. आपल्या अश्विनीकुमारांसारखीच ही घोडेस्वार जोडी. चर्च झालं तरी मंदिराचा दर्शनी भाग शेकडो वर्षं तसाच वापरात राहिला. १६८८च्या भूकंपात तो कोसळला आणि हे दोन खांब तेवढे उरले. समोरच्या सान लोरेन्झो चर्चच्या खाली रोमन काळातली बाजारगल्ली सापडली आहे, दुकानांच्या गाळ्यांसकट. म्हणजे तुम्ही वर उभे राहून पिझ्झ्याच्या रांगेत असता आणि तुमच्या पायाखाली तसंच एक बाजारपेठेचं तळघर असतं.

पिझ्झ्याचं म्हणाल तर चौपदरी घडी घालून कागदात देतात तो घ्या. दोनेक युरोत पोट भरतं. शाकाहारी मंडळींनी ‘मारिनारा’ मागावा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस्स. तळलेल्या पिझ्झ्यात मात्र बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, विचारून घ्या. आणि एक गंमत. टोमॅटो अमेरिका खंडातून आला, कोलंबसनंतर. पाँपेईतल्या कुणीही कधी टोमॅटो चाखला नव्हता, जसा शातवाहनांच्या पैठणात कुणी मिरचीचा ठेचा खाल्ला नव्हता.

इथून सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाच्या गल्लीने खाली उतरायचं. येशूजन्माच्या देखाव्यातल्या मातीच्या मूर्ती करणाऱ्यांची ही गल्ली. पेणच्या गणपतीवाल्यांच्या आळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती लगेच ओळखीची वाटेल. गल्ली स्पाक्कानापोलीला मिळते आणि उजवीकडे थोडं चाललं की एका छोट्या चौकात, दुकानांच्या मधोमध, एक दाढीवाला म्हातारा संगमरवरात पहुडलेला दिसतो. लोक त्याच्याशेजारी उभं राहून फोनवर बोलत असतात. मी इथे सगळ्यात जास्त वेळ थांबले.

हा आहे नाईल नदीचा देव. इजिप्तची नाईल, नापोलीच्या गल्लीत! कारण असं, की रोमन काळात या भागात अलेक्झांड्रियाहून आलेल्या व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्यांनी आपल्या नदीचा देव आपल्या आळीत बसवला. मध्ययुगात ही मूर्ती सापडली तेव्हा तिला डोकं नव्हतं आणि अंगावर लहान मुलं होती. लोकांना वाटलं, बाई आहे, मुलांना पाजते आहे, म्हणजे हे शहरच आपल्या लेकरांना पाजतंय. नाव पडलं ‘नापोलीचं अंग’, आणि चौकाचं नाव आजही तेच आहे. दाढीवालं डोकं सतराव्या शतकात बसवलं. देव होता, आई झाली, पुन्हा देव झाला. मूर्तीचं मूळ नाव हरवलं की लोक आपल्याला हवं ते देतात, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

या अलेक्झांड्रियावाल्यांची एक गोष्ट सुएटोनिअस या रोमन चरित्रकाराने नोंदवली आहे. सम्राट नीरोला गाण्याची हौस. तो नापोलीच्या रंगमंचावर गायला तेव्हा नुकत्याच आलेल्या जहाजांतून उतरलेल्या अलेक्झांड्रियाच्या लोकांनी तालात टाळ्या वाजवल्या. नीरो इतका खूश झाला की त्याने आपली माणसं त्या टाळ्या शिकायला लावली. आपल्याला महत्त्वाची आहेत ती जहाजं. ती इथे येत का होती? मुख्यतः इजिप्तचा गहू घेऊन. त्यांचं मोठं बंदर नापोलीच्या पश्चिमेला, पुतेओली, आजचं पोझ्झुओली. लोकलने अर्ध्या तासाच्या आसपास. गव्हाबरोबर त्या वाटेने आणखीही माल येई: मिरी, सुती कापड, अकीक, हस्तिदंत. तो माल इजिप्तचा नव्हता. तो आपल्याकडचा.

पहिल्या शतकाच्या मध्यावर कुणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेलं एक मार्गदर्शक आपल्या हातात आहे, ‘पेरिप्लस’. त्यात बारिगाझा म्हणजे भडोच येतं. बडोदेकर मंडळींना ते तासा-दीड तासावर आहे. कल्याण, सोपारा, चौल येतात. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असंही तो लिहितो. तिथला माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला उतरतो असं त्याचं म्हणणं. भडोचहून निघणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे, आणि तिथे खपणाऱ्या मालात इटलीची दारू. भडोचहून तांबड्या समुद्राच्या काठची बंदरं, तिथून उंटावर नाईलपर्यंत, नाईलने अलेक्झांड्रिया, तिथून पुतेओली. तेरहून निघालेली गाडी ही त्या साखळीची पहिली कडी. चौकातला म्हातारा त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाचा.

आता वर उत्तरेकडे चालायचं. बेल्लिनी चौकात जमिनीच्या खाली, जाळीपलीकडे, ग्रीक तटबंदीचे दगड दिसतात, चौथ्या शतकातले, इसवी सनापूर्वीचे. आजूबाजूला कॉफीची टेबलं. पुढे पाच-सात मिनिटांवर संग्रहालय. इमारत मूळ घोडदळाची, मग विद्यापीठाची, आणि बूर्बों राजांच्या काळात संग्रहालय. फार्नेझे घराण्याचे प्रचंड संगमरवरी पुतळे, पाँपेईचं अलेक्झांडर आणि दारयवहूच्या लढाईचं मोझेक, चित्रं, भांडी, सगळं इथे आहे. पहिल्या दिवशी सगळं पाहू नका, पाय आणि डोळे दोन्ही थकतात. मी सरळ ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’ शोधलं, म्हणजे गुप्त दालन.

हे दालन पाँपेईतल्या अश्लील समजल्या गेलेल्या वस्तूंचं. १८१९ साली इथल्या राजपुत्राने बायका-मुलींना घेऊन संग्रहालयाला भेट दिली, त्याला लाज वाटली आणि त्या वस्तू कुलपात गेल्या. मग कधी परवानगीने पुरुषांना आत सोडायचे, कधी दार बंद. ते सर्वांसाठी नीट खुलं झालं थेट २००० साली. अशा या दालनात मी तिला पाहिलं. उंची जेमतेम वीतभर, पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास. हस्तिदंताची बाई, अंगावर दागिने आणि कमरपट्टा, बाकी काही नाही. पाय एकमेकांवर आडवे, हात कानाशी गेलेले, दोन्ही बाजूंना सौंदर्यप्रसाधनं घेतलेल्या दोन छोट्या दासी. सांची ज्यांनी पाहिलंय, आणि भोपाळ-इंदूरकडच्या मंडळींनी पाहिलेलं असणारच, त्यांना क्षणात कळेल ही कोणाच्या घरातली आहे ते. आपल्याकडे अशा यक्षी स्तूपाच्या तोरणावर, भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. त्यांच्याकडे पाहून कुणी मुलांचे डोळे झाकत नाही. इथे तिची जागा कामुक दिव्यांच्या आणि चित्रांच्या शेजारी. मला तिच्या शेजारचं काही अश्लील वाटलं नाही. पण ती चुकीच्या पंक्तीला बसवली आहे, असं मात्र वाटलं.

ती सापडली १९३८ साली पाँपेईच्या एका घरात. उत्खनन करणाऱ्या आमेदेओ मायूरी यांनी तिला लक्ष्मी ठरवलं आणि ‘पाँपेईची लक्ष्मी’ हे नाव रूढ झालं. आपल्याला ते फार आवडतं. रोमनांच्या घरात आपली लक्ष्मी! संदेशांमधून फिरणारे फोटो पाहा. पण तिच्याजवळ ना कमळ आहे, ना अभिषेक करणारे हत्ती. बहुतेक अभ्यासक आता तिला यक्षी म्हणतात. तिच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे, म्हणजे ती कशाचा तरी भाग असावी: आरशाची मूठ किंवा छोट्या टेबलाचा पाय. पूजेची नव्हे, श्रीमंताच्या घरातली शोभेची. नाईलच्या म्हाताऱ्याला आई म्हणणाऱ्या नापोलीकरांना आपण हसतो, आणि टेबलाच्या पायाला लक्ष्मी म्हणतो.

मग तिचं मोल काय? मला विचाराल तर तिचं खरं मोल तिच्या नावात नाही, तारखेत आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हिसुव्हियस फुटला आणि पाँपेई राखेखाली गेलं. परंपरेने २४ ऑगस्ट मानतात. २०१८ साली कोळशाने लिहिलेला एक मजकूर भिंतीवर सापडला, त्यावरून ऑक्टोबर असावा असं आता म्हणतात. महिना कुठलाही घ्या, वर्ष पक्कं. म्हणजे ही बाई ७९ पूर्वी घडली, विकली गेली, समुद्र ओलांडून इटलीत पोचली. शातवाहनांच्या कालगणनेत किती वाद आहेत हे इतिहासाचे विद्यार्थी जाणतात. पुराणांतल्या राजांच्या याद्या जुळत नाहीत, नाण्यांवर सन नाही. आणि इथे एका वस्तूवर ज्वालामुखीने शिक्का मारून ठेवला आहे. तेरला तिच्यासारखीच हस्तिदंती मूर्ती मिळाली, ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३च्या उत्खननात तशीच एक मिळाली. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, तिथल्या माणसांनी दिलेल्या दानाचे लेख सांचीला आहेत. या दख्खनी बायांचा काळ ठरवताना पाँपेईची बहीण आधाराला उभी राहते. शैली सारखी, म्हणून काळही जवळचा.

ती दख्खनमध्येच घडली, असं मात्र छातीठोकपणे म्हणू नका. तिच्या पायाशी एक खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, ‘शि’ असं वाचतात. खरोष्ठी ही वायव्येची, गांधाराची लिपी. त्यामुळे काहीजण तिला तिकडची मानतात. दुसरीकडे विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी सांचीच्या दक्षिण तोरणावर कोरीवकाम केल्याचा लेख आहे, म्हणून काहीजण माळव्याकडे बोट दाखवतात. आणि भडोचपासून नाशिकपर्यंत सत्ता असलेल्या क्षहरात नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक आणि ब्राह्मीबरोबर खरोष्ठीही आहे. म्हणजे ते अक्षर वाचणारी माणसं आपल्या बाजूच्या बंदरांत वावरत होती. माझा कल तेर-भोकरदनकडे आहे, मूर्तींची ठेवण पाहता. पण अक्षर एका सुताराची खूण असू शकतं, व्यापाऱ्याची असू शकतं, आणि ते अक्षर दख्खनच्या कारखान्यातच कोरलं असं म्हणायला हाती पुरावा नाही.

या मालाबद्दल तेव्हाच एका रोमनाने कुरकुर केली होती. प्लिनी, ज्याने निसर्गाचा ज्ञानकोश लिहिला. भारत दरवर्षी आपल्या साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो आणि तो माल इथे मूळ किमतीच्या शंभरपट दराने विकला जातो, असं त्याने लिहिलं. आकड्यात रागाची भर असेल, पण हा माणूस नापोलीच्या आखाताच्या पश्चिम टोकाला, मिसेनुमला, आरमाराचा प्रमुख होता. पुतेओलीला उतरणारा माल त्याच्या अंगणातून जात होता म्हणा ना! ७९ साली डोंगर फुटला तेव्हा तो लोकांना वाचवायला जहाजं घेऊन आखात ओलांडून गेला आणि परतला नाही. ज्या राखेने आपली बाई जपली, त्याच राखेच्या पावसात त्यांच्या श्रीमंतीबद्दल कुरकुरणारा प्लिनी गेला.

संध्याकाळी मी समुद्राकडे उतरले. वाटेत मुनिचिपिओ हे मेट्रो स्टेशन आहे. त्याच्या खोदकामात रोमन काळची जहाजं सापडली, म्हणजे जुन्या बंदराचा काठ इथवर होता. किनाऱ्यावर बसायला पैसे पडत नाहीत, समोर व्हिसुव्हियस दिसतो. शेवटचा फुटला मार्च १९४४ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना. दिवसभराचा खर्च जोडला: कॉफी, पिझ्झा, एक संत्रं, संध्याकाळी पुन्हा कॉफी. पाणी रस्त्यावरच्या नळांचं, बाटली बरोबर ठेवली की विकत घ्यावं लागत नाही. खाट सोडून दहा युरोही झाले नव्हते.

एक गोष्ट राहिली. प्रवास उलटाही झालेला आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात तांब्या-कांस्याच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात पोसायडनची मूर्ती होती. ग्रीकांचा समुद्रदेव, वीतभरापेक्षाही लहान, घडण भूमध्य समुद्राकडची. पंचगंगेच्या काठावर, समुद्रापासून घाट चढून आल्यावर, समुद्राचा देव! त्या घरातल्या लोकांनी त्याला काय म्हटलं असेल? बिनहत्तीची लक्ष्मी तिकडे, बिनसमुद्राचा पोसायडन इकडे. तो कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे, कोल्हापूरला गेलात तर पाहून या. पुढच्या भागात पाँपेईला जाऊ. गारिबाल्दीच्या तळघरातल्या स्टेशनातून छोटी लोकल सुटते, उभ्यानेच जावं लागेल, टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या.